सिव्हिल, एन्व्हायर्नमेंटल की कन्स्ट्रक्शन? नागपूरच्या बारावीवाल्यांसाठी

मे संपत आला की आमच्या घरी एकतरी बारावीवाला येऊन बसतो. यंदा भाचा होता. तर्री पोह्याची प्लेट रिकामी होईपर्यंत त्याचं एकच चालू: "मामा, साधं सिव्हिल घेऊ, का एन्व्हायर्नमेंटल, का कन्स्ट्रक्शन?" आतून आई म्हणाली, "एनआयटीत लागला तर बरंच होईल बाप्पा, सदरलाच तर ऑफिस आहे."

नागपुरात हा घोळ जुना आहे. आईच्या पिढीसाठी एनआयटी म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, लेआउट आणि नकाशे मंजूर करणारं ऑफिस. पोरांसाठी एनआयटी म्हणजे व्हीएनआयटी, इथलं केंद्र सरकारचं इंजिनिअरिंग कॉलेज. आणि मधल्या वयाचे आम्ही लोक अजूनही त्याला व्हीआरसीईच म्हणतो, कारण १९६० मध्ये ते विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज म्हणूनच सुरू झालं. एनआयटीचा दर्जा २००२ मध्ये मिळाला. गंमत म्हणजे सिव्हिल शिकलेला माणूस दोन्ही एनआयटीत खपतो.

मी गेली वीसेक वर्षं साइटवर आणि टेबलावर असं दोन्हीकडे काम करतोय. भाच्याला त्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे ओळीने लिहितो.

पायरी १: शाखा नंतर, आधी रोजचं काम बघा

सिव्हिल म्हणजे बिल्डिंग, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. एकदा वर्धा रोडने जा. खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. हा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल गिनीज बुकात नोंदला गेला, ते सोडा. खांबाखालची माती कोणी तपासली, रस्ता चालू ठेवून काम कसं झालं, पुलावर पडलेलं पावसाचं पाणी कुठून खाली येतं, कंत्राटदाराच्या बिलावर सही करण्याआधी मोजमाप कोणी केलं, हे स्वतःला विचारा. प्रत्येक उत्तरात वेगळा माणूस आहे आणि ते सगळे सिव्हिलवाले आहेत. तुमच्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं आणि घरातलं सांडपाणी भांडेवाडीला जातं. तिथे शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला वापरायला दिलं जातं. हेही सिव्हिलच, फक्त त्याला एन्व्हायर्नमेंटल म्हणतात.

आता तीन कामं जवळून बघू. यातलं कोणतं वाचताना बरं वाटतं, ते लक्षात ठेवा.

पहिलं, काँक्रीटचं. साइटवर स्लॅब पडतो तेव्हा त्याच मालातून १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे भरतात. ते पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि ७ व्या आणि २८ व्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे. एम-२५ काँक्रीट असेल तर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद हवी. ठोकळ्याचा माथा १५० गुणिले १५०, म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटर. गुणाकार करा: ५,६२,५०० न्यूटन, साधारण ५७ टन. वीतभरही नसलेल्या ठोकळ्यावर गिट्टीने भरलेले दोन टिप्पर उभे केले आणि तो टिकला, तर माल बरा. फुटताना आधी बारीक चर्र आवाज येतो, मग कोपऱ्याची कपची उडते आणि काटा मागे येतो. मला अजूनही तो क्षण आवडतो. हा गुणाकार करताना तुम्हाला कंटाळा आला नसेल, तर स्ट्रक्चरच्या बाजूला तुमचं जमेल.

दुसरं, पाण्याचं. पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं येतं. ते गाळायच्या आधी तुरटी किती टाकायची हे अंदाजाने ठरत नाही. सहा चंचुपात्रांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा, आधी जोरात ढवळायचं, मग हळू. हळूहळू कापसाच्या पुंजक्यांसारखा गाळ धरतो आणि तळाशी बसतो. सगळ्यांत कमी तुरटीत नितळ झालेलं पात्र कोणतं, ते शोधायचं. तो आकडा पुढे शुद्धीकरण केंद्राला लागतो. सांडपाण्याच्या बाजूला गेलात तर बीओडी नावाची चाचणी येते: नमुना ५ दिवस २० अंशांवर किंवा ३ दिवस २७ अंशांवर ठेवायचा आणि जंतूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं. वास येतो. स्पष्टच सांगतो, नाक मुरडणाऱ्यांनी एकदा चेंबरचं झाकण उघडून बघावं आणि मग ठरवावं. पण या शहरात हे काम कधी संपणार नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदी घराघरांत शिरली, तेव्हा किती पाऊस, किती वेळात, नाल्याची रुंदी किती, पुलाखालचा गाळा केवढा, हे प्रश्न सगळ्या शहराचे झाले. एरवी ते तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात पडून असतात.

तिसरं, बांधकाम उभं करण्याचं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकतो. ४० अंशांच्या वर काँक्रीटचं काम करायचं तर भारतीय मानकात त्यासाठी वेगळे नियमच आहेत. म्हणून आमच्याकडे मोठा स्लॅब रात्री पडतो. रात्री नऊला पंप लागतो, साडेनऊला पहिली गाडी. मिक्सर वाटेत अडकला की माल आवळतो, ड्रायव्हर पाणी टाकायला बघतो, तुम्ही टाकू द्यायचं नाही. सेंटरिंगवाला खालून टेकू बघतोय, लोखंडवाला सळईखाली कव्हर ब्लॉक सरकवतोय, मालकाचा फोन वाजतोय. पहाटे चारला स्लॅब संपतो आणि सहाला तराई, म्हणजे स्लॅबवर पाणी मारणं, सुरू. तुम्हाला माणसं हाताळायला आवडत असेल, वेळापत्रक आणि पैशांचा हिशोब डोक्यात बसत असेल, तर कन्स्ट्रक्शन. पुस्तकात प्रश्न सुटला की शांत वाटणारा माणूस इथे दमतो.

पायरी २: पदवीच्या नावाचा हिशोब

इथे माझं मत ठाम आहे. पदवीला सिव्हिल घ्या, बाकीचं त्यातून वळवा.

देशात एन्व्हायर्नमेंटलची स्वतंत्र पदवी आहे, नाही असं नाही. आयआयटी मुंबईत आहे, धनबादच्या आयआयटीत आहे, दिल्लीच्या डीटीयूत आहे. आपल्या राज्यात कोल्हापूरच्या केआयटीने सिव्हिल आणि एन्व्हायर्नमेंटल अशी जोड दिली आहे. कन्स्ट्रक्शन इंजिनिअरिंग याच नावाची पदवी कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात मिळते. आयआयटी हाताशी असेल तर नाव काहीही असो, जा. पण नागपुरात राहून शिकायचं असेल, तर कॉलेजांच्या यादीत मुख्यत्वे सिव्हिलच दिसेल, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, बांधकाम व्यवस्थापन, अंदाजपत्रक हे सगळं त्याच चार वर्षांत येतं.

नावाचा खरा प्रश्न पुढे नोकरीला येतो. सरकारी जाहिरात काढून बघा: कनिष्ठ अभियंता, शैक्षणिक अर्हता "स्थापत्य अभियांत्रिकी". तुमच्या पदवीवर दुसरंच काही छापलेलं असेल तर ती समतुल्य आहे का, हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं. कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी, टेबलापलीकडच्या माणसाला. म्हणून एखादं कॉलेज "इन्फ्रास्ट्रक्चर", "स्मार्ट" वगैरे शब्द जोडलेली नवी शाखा देत असेल, तर आवडत्या खात्याच्या मागच्या दोन-तीन जाहिराती आधी वाचा.

आणि हो, स्थापत्य हा शब्द पाहून आर्किटेक्चरचा फॉर्म भरणारे दरवर्षी एक-दोन भेटतात. सरकारी मराठीत स्थापत्य म्हणजे सिव्हिल. आर्किटेक्चर म्हणजे वास्तुकला. ती पदवी ५ वर्षांची, तिला नाटा किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर लागतो. व्हीएनआयटीत दोन्ही आहेत, त्यामुळे यादी भरताना डोळे उघडे ठेवा.

पायरी ३: दार कोणतं

तीन दारं आहेत.

जेईई मेन हे व्हीएनआयटीचं दार. प्रवेश जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांतून होतो. बारावीला ७५ टक्के हवेत, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असायला हवं. अनुसूचित जाती-जमातींसाठी टक्क्यांची अट ६५ ची. निम्म्या जागा महाराष्ट्रातल्यांसाठी असतात. आता नीट वाचा: तिथे महाराष्ट्रातला म्हणजे ज्याने बारावी महाराष्ट्रातून दिली तो. घर धरमपेठेत असून बारावी कोटा किंवा छिंदवाड्याच्या शाळेतून दिली असेल, तर तुम्ही राजस्थानचे किंवा मध्य प्रदेशचे धरले जाता. क्लासवाले "तिकडे ॲडमिशन टाकून देऊ" म्हणतात तेव्हा हे सांगत नाहीत.

दुसरं दार एमएचटी-सीईटी. राज्यातल्या बहुतेक कॉलेजांचं हेच. २०० गुणांची परीक्षा. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० एकेका गुणाचे. चुकीला वजाबाकी नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. गणिताचं वजन बघा आणि अभ्यासाचा वेळ त्याप्रमाणे वाटा.

तिसरं दार दहावीनंतरचं: पॉलिटेक्निक. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. लोक याला दुय्यम समजतात. मी समजत नाही. मंगळवारी बाजाराजवळच्या शासकीय पॉलिटेक्निकमधून आलेली पोरं माझ्या साइटवर आली, त्यांना पहिल्या दिवशी लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, लावता येत होती. बारावीवरून आलेल्याला तिसऱ्या वर्षी येते, तीही आली तर. मात्र डिप्लोमावाल्यांना डिग्रीत गेल्यावर गणित जड जातं. ती तयारी सुट्टीतच करून घ्या.

पायरी ४: कागद

सगळ्यांत जास्त जागा इथे हातच्या जातात, गुणांमुळे नाही.

जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच अर्ज करून ठेवा. निकालानंतर समितीच्या ऑफिसात रांगा लागतात आणि मुदतवाढीवर भरवसा ठेवून कोणी झोपू नये. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत बघा, ती पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारी हवी. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये. दहावीच्या गुणपत्रिकेत आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं, हा प्रकार आमच्या भागात घरोघरी आहे. तो मे महिन्यात निस्तरा.

जोसा आणि राज्य या दोन वेगळ्या दुनिया आहेत. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळं काढावं लागतं, आणि तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं. राज्याच्या ओबीसी यादीत नाव आहे म्हणजे केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. एसईबीसी हा राज्याचा सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्ग तर केंद्राच्या प्रवेशात नाहीच. सेतू केंद्रात गेलात की "कुठलं पाहिजे?" असं विचारतात. दोन्ही नमुने मागा.

पायरी ५: कॉलेजात जाऊन या, पण गेटवरून परत फिरू नका

नागपुरात सिव्हिलसाठी पर्याय बरेच आहेत. व्हीएनआयटी दक्षिण अंबाझरी रोडला. २०१६ मध्ये सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय नव्या खापरीला, मिहानच्या पुनर्वसन वसाहतीत. वानाडोंगरीचं वायसीसीई, नंदनवनचं केडीके आणि काटोल रोडचं रामदेवबाबा, तिन्ही १९८४ चे. रामदेवबाबा आता विद्यापीठ झालंय. हिंगण्याच्या बाजूला आणखी बरीच आहेत. नागपूर सोडायची तयारी असेल तर अमरावती आणि चंद्रपूरची शासकीय कॉलेजं यादीत हवीतच. शासकीय कॉलेजचं शुल्क आणि खासगीचं शुल्क यात जो फरक आहे, त्यात अमरावतीची खोली आणि मेस आरामात निघते.

एखादं कॉलेज खासगी विद्यापीठाच्या छत्राखाली असेल, तर प्रवेशाची पद्धत आणि राज्याच्या शुल्कसवलती लागू होतात की नाही, हे तिथल्या ऑफिसातून लेखी घ्या. काउंटरवरच्या "हो हो, सगळं मिळते" वर जाऊ नका.

बघायचं काय? रँकिंगचा फलक, प्लेसमेंटचे फोटो, हे सगळ्यांकडे असतं. तुम्ही काँक्रीटची प्रयोगशाळा कुठे आहे ते विचारा. तिथल्या पाण्याच्या टाकीत ठोकळे आहेत का? असतील तर त्यांच्यावर खडूने किंवा रंगाने तारीख लिहिलेली असते, ती या महिन्यातली आहे का? टाकी कोरडी आणि आत पाल, असं मी स्वतः एका ठिकाणी पाहिलंय. मग सर्व्हेच्या खोलीत जा. टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजायचं यंत्र, दाखवायला सांगा. पेटीवर कुलूप आणि कुलपावर धूळ असेल तर ते मशीन तपासणीच्या दिवशीच बाहेर निघतं. तिपाईच्या पायांना माती लागलेली दिसली, तर पोरं ती खरंच वापरतात. शेवटी वॉचमनच्या बाजूला चहा पीत बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या दोघांना गाठा आणि एवढंच विचारा: "सर्व्हे कॅम्प कुठे झाला होता?" गेलेले असतील तर दहा मिनिटं बोलत राहतील.

नीरीबद्दलही विचारणा होते. नेहरू मार्गावरची ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी निघाली, १९७४ मध्ये तिचं आजचं नाव झालं. तिथे बारावीनंतर पदवीला प्रवेश मिळत नाही. पण एन्व्हायर्नमेंटलकडे वळायचं असेल तर ही संस्था आपल्या शहरात असणं ही चैन आहे. तिसऱ्या वर्षात उन्हाळी प्रकल्पासाठी विभागप्रमुखांचं पत्र घेऊन प्रयत्न करा. पुण्या-मुंबईची पोरं त्यासाठी इथे भाड्याने खोल्या घेतात.

पायरी ६: ऑप्शन फॉर्म

कॅप, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशाच्या, फेरीत पोरं सगळ्यांत मोठी चूक करतात ती अशी: "मला एवढेच पर्सेंटाइल, मग वरचं कॉलेज लिहून काय फायदा" म्हणत खालचं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकतात. पसंतीच्या क्रमाने लिहा, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने नाही. यंत्र वरून खाली बघत येतं; वरचं नाही मिळालं तर तुमचं काही कापत नाही.

२०२५ च्या प्रवेशापासून चार फेऱ्या आहेत आणि नियम कडक झालेत. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती पक्की, पुढच्या फेरीत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, तरी तेच. म्हणजे वरची सहा नावं अशीच लिहा, जिथे तुम्ही खरोखर चार वर्षं जायला तयार आहात. मित्र टाकतोय म्हणून टाकलेलं सहावं नाव गळ्यात पडू शकतं. त्या वर्षीची माहिती पुस्तिका निघाली की हा भाग स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवरचा सारांश वाचून फॉर्म भरू नका.

अजून एक. शेवटच्या दिवशी रात्री अकराला फॉर्म भरायचा नाही. आमच्या वेळी कागदी फॉर्म होता, तरी मी शेवटच्या दिवशीच गेलो होतो आणि घाईत दोन कोड उलटे लिहून आलो. चार वर्षं रोज सिटीबसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. कॉलेज वाईट नव्हतं, पण दिवसाचे अडीच तास गेले ते गेले.

पायरी ७: पैसा

थोडक्यात. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शुल्कमाफी योजनेच्या, जागा यादीत वेगळ्या कोडने भरा. शिकवणी शुल्क माफ असतं, जागा मंजूर जागांच्या ५ टक्के, म्हणून कटऑफ वर जातो. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिकवणी शुल्क मिळतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांना शिकवणी आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. खेड्यावरून येऊन खोली करून राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. हे सगळं महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर पैसे मंजूर होतात आणि येत नाहीत.

पगाराचंही विचारतात. सुरुवातीला कॉम्प्युटरवाल्या मित्रापेक्षा कमीच असेल, हे घरी आधीच सांगून ठेवा म्हणजे दिवाळीत तुलना होत नाही. पाच-सहा वर्षांनी ज्याला बिल काढता येतं, मोजमाप घेता येतं आणि मिस्त्रीशी बोलता येतं, त्याच्या मागे लोक फिरतात.

मुलींचे आईवडील वेगळं विचारतात: साइटवर पोरगी कशी जाईल? जाते. माझ्याकडे दोघी आहेत आणि रात्रीच्या स्लॅबला मी त्यांच्यावर निर्धास्त असतो. अडचण कामाची नाही, संडासाची आहे. नोकरी घेताना साइटवर स्वतंत्र सोय आहे का, हे मुलाखतीतच विचारायचं, लाजायचं नाही.

पायरी ८: प्रवेश झाला, आता पहिली दोन वर्षं

पहिलं वर्ष सगळ्यांचं सारखंच, गणित आणि ड्रॉइंग. दुसऱ्या वर्षात खरं सिव्हिल सुरू होतं आणि इथे पोरं एक विषय हमखास टाकून देतात: माती. सॉइल मेकॅनिक्सला "पास झालो बस" म्हणणाऱ्यांत मीही होतो.

त्याची किंमत सांगतो. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. बेसाच्या पुढे एका घराची कंपाउंड भिंत माझ्याकडे होती. पाया दीड फूट खोल, खाली काळी माती, मुरूम भरायला सांगितलाच नाही. पावसाळ्यात भिंत सरळ होती. मेमध्ये मालकाने फोन करून बोलावलं, काही न बोलता भेगेत चार बोटं घालून दाखवली आणि आत पाणी घ्यायला गेला. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि नागपूरच्या उन्हात ती नुसती आकसत नाही, फाटते. वर्गात हे मी वहीत उतरवून घेतलं होतं. भिंत माझ्या पगारातून गेली नाही, पण त्या ऑफिसात पुढचे सहा महिने मला "भेगवाले साहेब" म्हणायचे.

म्हणून दुसऱ्या वर्षी एक काम करा. कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर पाया खणत असतील तर खड्ड्यात डोकावून बघा: किती फुटांपर्यंत काळी माती, कुठे मुरूम लागतो, कुठे खडक. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट लवकर लागतो, पूर्वेकडे चित्र बदलतं. वर्षभरात दहा खड्डे बघितलेत तर परीक्षेत आकृती पाठ करावी लागणार नाही.

झिरो माइलला फोटो काढायला सगळे जातात. तिथे जीटीएसचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या देशव्यापी मोजणीचा, जुना दगड आहे, तो बघा. सर्व्हेच्या तासाला "बेंचमार्क" म्हणतात ना, ज्याची उंची ठाऊक असते आणि जिथून बाकीची उंची मोजत निघायचं, तो असा असतो.

तिसऱ्या वर्षापासून वळण घ्यायचं. एन्व्हायर्नमेंटल, स्ट्रक्चर, वाहतूक, बांधकाम व्यवस्थापन यांतले ऐच्छिक विषय एकाच दिशेचे निवडा, थोडं हे थोडं ते नको. पुढे एमटेक करायचं तर गेट ही परीक्षा द्यावी लागते. सिव्हिलचा पेपर आहेच, शिवाय २०२१ पासून एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे. सिव्हिलची पदवी घेऊन तो देता येतो. सरकारी नोकरीकडे ओढा असेल तर एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, केंद्राची ईएसई ही अभियांत्रिकी सेवा परीक्षा, एसएससीची कनिष्ठ अभियंता परीक्षा. तिन्हींचा पाया दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विषयांतच आहे. कन्स्ट्रक्शनकडे जायचं तर सुट्टीत बीबीएस, म्हणजे सळईची यादी, हाताने करायला शिका. सॉफ्टवेअर नंतर. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच शहरातून निघतो. असल्या कामांच्या कॅम्पवर शिकाऊ पोरांना विचारतात तेव्हा पहिला प्रश्न सळई वाचता येते का, हाच असतो.

खरेदीचं बघितलं तर फार काही लागत नाही. ड्राफ्टर, म्हणजे ड्रॉइंगचं साधन, सीनियरकडून अर्ध्या किमतीत घ्या. साधा पाच मीटरचा टेप स्वतःचा हवा, तो खिशात ठेवायची सवय लावा. घरातल्या दाराची रुंदी, जिन्याची पायरी, फुटपाथची उंची मोजत सुटा. आणि बूट. साइट भेटीला स्लिपर घालून आलेल्या पोराला मी गेटवरूनच परत पाठवतो, भाच्यालाही पाठवला होता. लोखंडी टोपीचे बूट सीताबर्डीला मिळतात. एक नंबर मोठा घ्या, आत जाड मोजे घालावे लागतात.